मिलिंदची गाडी रिकामी जायची

आधीच सांगते, आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले. त्यांच्यामागे भुतंखेतंही वाहून गेली, असं ते हसत सांगायचे. मी पुसदला शाळेत गणित शिकवते. असले अनुभव वाचताना माझं लक्ष असतं ते सांगणाऱ्याचं कुठे चुकलं याकडे... कुठे अंधार होता, कुठे ताप होता, कुठे घेतलेली होती. म्हणून माझ्या बाबतीतही तुम्ही तेच करणार हे मला माहीत आहे. करा. मी स्वतः खूप वेळा करून पाहिलंय.

हे आहे माझ्या धाकट्या भावाबद्दल, मिलिंदबद्दल. कापसाचे वाईट दिवस चालू होते तेव्हाची गोष्ट. ज्यांनी ती वर्षं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काढली त्यांना जास्त सांगायला नको.

मिलिंद ग्रेडर होता. म्हणजे खरेदी केंद्रावर कापसाची गाडी आली की तिच्यात हात घालायचा, मूठभर कापूस उपसायचा, बोटांनी ताणून धागा पाहायचा, ओल पाहायची आणि प्रत सांगायची. आधी सरकारी केंद्रावर होता. ती केंद्रं एकेक करून बंद पडत गेली तसा तो ढाणकीकडच्या एका खाजगी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, सीझनपुरता लागला. लग्न झालेलं नव्हतं. महागावला माय आणि तो, दोघंच.

आता ग्रेडरचं काम तसं बोटांचं. पण त्या वर्षांत त्याला दिवसभर एकच शब्द बोलावा लागायचा — नाही. ओला आहे, नाही. कवडी आहे, किडका आहे, नाही. परत न्या. समोर उभा असायचा तो कधी वर्गमित्राचा बाप, कधी मावशीचा दीर, कधी आम्हाला चौथीत शिकवलेले गुरुजी. मालकानं सांगितलेल्यापेक्षा जास्त माल घ्यायची सोयच नव्हती, त्यामुळे चांगल्या कापसालाही कधी कधी नाही म्हणावं लागायचं. हे तो घरी बोलायचा नाही. जेवताना उजव्या हाताच्या बोटांकडे बघत बसायचा, एवढंच.

मायचे गुडघे गेलेले. तिला पुसदला दवाखान्यात आणायला एखादी जुनी, बारकी गाडी घ्यावी असं ठरलं. हिशेबाला मी सोबत हवी म्हणून आम्ही दोघं नागपूरला गेलो. अमरावती रोडला जुन्या गाड्यांचा एक डीलर होता. त्यानं आम्हाला दोन-तीन बऱ्या गाड्या दाखवल्या. मी टायर बघत होते, मिलिंद कुठे दिसेना. शेडच्या मागच्या बाजूला तो एका लाल गाडीत बसलेला होता.

स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, जमिनीला चिकटलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांचा यात काही दोष नाही — का नाही ते तुम्हाला शेवटी कळेलच.

"ताई, बसून पाह्य ना," तो म्हणाला.

मी बसले. त्यानं दोन्ही दारं ओढून घेतली. बाहेर हायवेचे ट्रक चालले होते, शेडमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. ते सगळं एकदम बंद झालं.

"काय ऐकू येते?"

"काहीच नाही."

"तेच तं," मिलिंद म्हणाला. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तर... बरेच महिने मी त्याला असं बघितलं नव्हतं.

तरी मी माझं काम केलं. डीलर म्हणत होता, "मॅडम, सिंगल ओनर, गाडी चाललीच नाही, कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे." मी वॉरंटीचं पुस्तक मागून घेतलं आणि तिथेच स्टुलावर बसून वाचलं. वॉरंटी इंजिन आणि गिअरबॉक्सवर. क्लच नाही, टायर नाही, सस्पेन्शन नाही, गाडीच्या पोटाला मार लागला तर नाही. म्हणजे आमच्या रस्त्यांवर जे जे मोडणार ते ते सोडून बाकीच्याची हमी. सर्व्हिसिंग फक्त नागपूरलाच करायचं, एकदा चुकलं की वॉरंटी संपली. नाव बदललं की कंपनीला कळवायचं, नाही कळवलं तरी संपली. पार्ट मुंबईहून येणार. पेट्रोल तर पाण्यासारखं पाजावं लागणार.

"आणि मायला कुठे बसवशील?" मी विचारलं. "मागे सीटच नाही."

"माय पुढं बसन."

"ती एवढ्या खाली वाकून बसेल? त्या गुडघ्यांनी?"

मी त्याला कागदावर दोन रकाने करून दाखवले, एका बाजूला बारकी गाडी, एका बाजूला ही. शाळेतला मुलगाही सांगेल कुठली घ्यावी. त्यानं कागद नीट वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "तुझं बरोबर हाये ताई. पण मी हेच घेतो."

घरासाठी ठेवलेला प्लॉट विकून त्यानं ती घेतली. माय किती तरी दिवस बोलली नाही त्याच्याशी.

दिवाळीच्या आधी कापूस निघायला लागला, मिलिंद रोज महागाव–ढाणकी जायला लागला, आणि थोड्याच दिवसांत लोकांची कुजबुज सुरू झाली. मायच फोनवर म्हणाली, "लोक म्हणून राह्यले मिलिंदची गाडी रिकामी जाते."

"म्हणजे?"

"गाडी जाते, अन् आत कोणी नसते म्हणे."

मी हसले. तिला समजावून सांगितलं की सीट एकदम खाली असते, काच तिरपी असते, ऊन चमकतं, शिवाय एसीसाठी काचा बंद. रस्त्यावरून माणूस दिसणार कसा? माय "हो" म्हणाली. "हो" म्हणताना ती कशी म्हणाली हे माझ्या लक्षात आलं नाही.

नंतर मी स्वतः पाहिलं.

दुपार होती. मी एसटीनं महागावला उतरले होते, मिलिंद स्टँडवर घ्यायला येणार होता. लाल गाडी लांबूनच दिसली. एसी बिघडलेला, त्यामुळे दोन्ही काचा पूर्ण खाली होत्या. स्टँडसमोर गतिरोधक आहे. गाडीचं पोट घासू नये म्हणून तिथे ती अगदी तिरपी करून, रांगत काढावी लागायची. ती तशीच रांगत माझ्यासमोरून गेली. स्टिअरिंग वळलं, मी वळताना बघितलं. सीट दिसली. सीटबेल्ट दिसला. बेल्ट छातीवरून जातो तसा तिरपा, ताणलेला होता... आणि त्याच्या आत काही नव्हतं. सीटच्या पाठीची शिवण दिसत होती.

गाडी थोडं पुढे जाऊन थांबली. दार उघडलं आणि मिलिंद उतरला. शर्टाच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले.

"काय व ताई, अशी काय उभी? बस ना."

मी बसले. ऊन होतं, मी उपाशी होते, एसटीत डोकं दुखत होतं... सगळी कारणं मी स्वतःला दिली. आत तो मला नीट दिसत होता. गिअरवरचा हात, मनगटावरचं घड्याळ, सगळं. मायला भेटून झाल्यावर तो मला पुसदला सोडायला निघाला. वाटेत मागच्या चाकात हवा कमी वाटली म्हणून रफिकभाईंच्या पंक्चरच्या दुकानापुढे थांबलो. रफिकभाई आमच्या ओळखीचे, मला बाजी म्हणजे ताई म्हणायचे. मिलिंदची मोटरसायकल वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जायची.

ते माझ्या बाजूनं, डावीकडून आले. खिडकीत वाकले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पलीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"बाजी, ही कोणती गाडी व? तुम्ही इकडं बसून चालवता कशी?"

"मी कुठे? मिलिंद चालवतोय ना."

"कुठं हाये मिलिंदभाऊ?"

मिलिंद माझ्या शेजारी बसलेला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो रफिकभाईंकडेच बघत होता, आणि — हे मला विसरता येत नाही — थोडंसं हसत होता. लपाछपीत सापडला नाही की लहानपणी हसायचा तसं.

मी काही बोलायच्या आत त्यानं दार उघडलं आणि बाहेर पाय टाकला. रफिकभाई दोन पावलं मागे सरले. हातातला हवेचा पाइप खाली पडून फुसफुसत राहिला.

"या अल्लाह," ते म्हणाले. "मिलिंदभाऊ... तुमी कुठून आले?"

"गाडीतून," मिलिंद म्हणाला.

त्यांनी हवा भरली. एकदाही मान वर केली नाही.

थोडं पुढे गेल्यावर मी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली. विचारलं, हे काय आहे? आणि तो अगदी शांतपणे बोलला.

"मले माहीत हाये ताई. पह्यल्याच आठवड्यात समजलं. फाट्यावर आपला मामा उभा होता, मी हात केला, त्यानं पाह्यलंच नाई. मले वाटलं रागावला. मंग सगळ्यायचंच तसं व्हाले लागलं."

"आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. भेव वाटलं. मंग बरं वाटाले लागलं. मोटरसायकलवर होतो तवा हर फाट्यावर कोणी ना कोणी हात जोडून उभं राहे. भाऊ, उद्या आमचा माल घेता का. भाऊ, पोरीचं लगन हाये. थांबलो तरी मी काय करू शकतो? मह्या हातात काय हाये? आता कोणी थांबवत नाई. ढाणकीपासून घरापर्यंत मले कोणी पाह्यत नाई. तेवढाच टाइम मी मोकळा असतो."

"मिलिंद, हे बरं नाही. ही गाडी विकून टाक."

"कायले? गाडीनं काय केलं?"

त्याच सीझनला त्यानं परत पाठवलेल्या एका माणसाची बातमी आली होती. कसली बातमी ते लिहीत नाही, आमच्याकडे लिहावं लागत नाही. मिलिंद त्याच्या घरी जाऊन आला होता. अंगणात बसला, उठून आला. हे मला त्या दिवशी गाडीत कळलं.

मग मी मागे लागले. रोज फोन. घाबरवून उपयोग नव्हता, म्हणून हिशेबाच्या वाटेनं गेले. क्लच एकदा जळून झाला होता, टायर घासले होते, पगार पेट्रोलमध्येच जात होता. मी म्हटलं, वॉरंटी संपायच्या आत विकली तर घेणारा मिळेल, नंतर हे लाल लोखंड कोणी दारात घेणार नाही. नागपूरला सर्व्हिसिंग चुकवू नकोस. तो "हो" म्हणायचा. नोकरी सोड, म्हटलं. तो म्हणाला, "सोडून काय करू?" त्या वर्षांत आमच्याकडे दुसरं काम नव्हतंच.

नागपूरच्या डीलरलाही मी फोन केला. आधीच्या मालकाचं काही झालं होतं का, अपघात वगैरे? तो चिडला. मी हट्टच धरल्यावर त्यानं मालकाशी बोलणं करून दिलं. चांगला हसरा, धडधाकट माणूस. मोठी गाडी घ्यायची होती म्हणून ही विकली, एवढंच. "छान गाडी आहे हो," म्हणाला. "कुठेही न्या, सगळे वळून बघतात."

शेवटी यवतमाळचा एक माणूस तयार झाला. रविवारी पुसदला माझ्याकडे येऊन गाडी बघणार होता. मिलिंदनंही मान्य केलं... इतक्या सहज की मलाच नवल वाटलं. सीझन संपला होता; सकाळी ढाणकीला जाऊन जिनिंगवरचं सामान घेऊन तिकडूनच येतो म्हणाला. "ताई, पोळ्या करून ठेव," म्हणाला.

पोळ्या झाल्या. यवतमाळचा माणूस येऊन बसला, चहा झाला, परत चहा झाला. मिलिंदचा फोन लागेना. मग माझा फोन वाजला. माय.

"मिलिंद आला," ती म्हणाली.

"महागावला? त्याला इकडे यायचं होतं ना?"

"अंगणात गाडी लावली त्यानं. पण उतरून नाई राह्यला."

"फोनवर बोलत असेल."

"नाई व. गाडी चालू हाये." मग ती म्हणाली, "मले तं रोजच गाडी रिकामी दिसते. मी अंगणात उभी राह्यतो, मंग दार उघडते, मंग थो दिसते. आज दार उघडून नाई राह्यलं."

रोज. माय रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून दार उघडायची वाट बघत होती, आणि मला तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी हसले होते ना तिला.

"माय, तू उघड दार," मी म्हटलं.

फोन तिनं हातातच धरला होता. मला तिचे पाय ओढत चालल्याचा आवाज आला, मग इंजिनाची घरघर मोठी झाली, मग दाराचा खटका. बराच वेळ नुसती घरघर.

"माय? काय आहे?"

"बेल्ट लावेल हाये," ती म्हणाली. आणि मग, "सीट गरम हाये व. आताच उठल्यासारखी."

मी आणि माझे मिस्टर पोचलो तेव्हाही गाडी चालूच होती. मायला बंद करता येत नव्हती. ती ओट्यावर बसून गाडीकडे बघत होती. पायाच्या जागेत जिनिंगवरच्या सामानाची पिशवी होती, डबा होता. मिस्टरांनी हात घालून किल्ली फिरवली.

पोलीस आले. चांगले वागले, खोटं कशाला बोलू. ढाणकीपासून महागावपर्यंत सगळ्यांना विचारलं. जिनिंगवरच्या वॉचमननं सांगितलं की साहेब गाडीत बसले आणि गेले. त्यानंतर वाटेत गाडी पुष्कळांनी पाहिली होती. फाट्यावरच्यांनी, टपरीवाल्यानं, बकऱ्या चारणाऱ्या बाईनं. सगळ्यांनी एकच सांगितलं — रिकामी गेली, नेहमीसारखी. कोणी दोनदा बघितलं नाही. त्यामुळे ती नेमकी कुठपासून खरीच रिकामी झाली, हे सांगणारा एकही माणूस त्या रस्त्यावर नव्हता.

विहिरी पाहिल्या, नाले पाहिले, धरणाकडे माणसं पाठवली. नागपूर, हैदराबाद, सगळीकडे फोटो दिले. काही नाही. इतकी वर्षं झाली, काही नाही.

आणि गाडी कशी अंगणापर्यंत आली, मोगऱ्याच्या आळ्याला न लागता तो लावायचा तशी सरळ कशी लागली... याचा पोलिसांनी एकदा विचार केला आणि सोडून दिला. कागदावर "गाडी घरी आढळली" एवढंच आहे.

काही महिन्यांनी, माझ्याच्यानं राहवेना म्हणून, मी एक करून पाहिलं. मिस्टरांना म्हटलं, गाडी चालवून दाखवा. बॅटरी उतरली होती, रफिकभाईंना बोलावून चालू करून घेतली. मी रस्त्यावर उभी राहिले, माय फाटकात. मिस्टर वळून परत आले. काचा बंद करून आले, उघड्या ठेवून आले. मग रफिकभाई चालवत आले. शेवटी मिस्टरांनी रस्त्यावर गाडी उभी केली आणि मी स्वतः आत बसून मायकडे पाहून हात केला.

सगळे दिसत होते. लांबूनसुद्धा. मिस्टरांच्या शर्टाची रेघ दिसत होती, रफिकभाईंची टोपी दिसत होती. ऊन तसंच होतं, काच तीच, सीट तितकीच खाली.

माय फाटक धरून उभी होती. म्हणाली, "तुमी सगळे दिसून राह्यले मले." आणि आत निघून गेली.

म्हणजे गाडीत काही नव्हतं. तेव्हापासून मी याच्यापुढे जाऊ शकलेले नाही. दोष गाडीचा असता तर ती जाळून टाकली असती, विहिरीत ढकलली असती, काहीतरी करता आलं असतं. गाडी साधी आहे. मग काय होतं? मला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केला, शिकलेल्या माणसांना विचारलं, विहारातल्या भन्तेजींनाही विचारलं. मायची तब्येत कशी आहे एवढंच त्यांनी विचारलं.

गाडी अजून अंगणात आहे. त्याच्या नावावर आहे म्हणून विकता येत नाही. रंग उडाला, टायर बसले, मायचे गुडघे आता पार गेले. ती ओट्यावर खुर्ची टाकून बसते आणि तिची नजर ड्रायव्हरच्या दारावर असते. मी तिला आत चल म्हणत नाही. मी गेले की तिच्या शेजारी बसते. कधी कधी वाटतं, तो आत बसलेला असेल आणि आमच्याकडे बघत असेल. मग उठून दार उघडून बघते. काहीच नसतं.

कोणाला काही सुचलं तर लिहा. पण गाडीचं काहीतरी करा, एवढं मात्र सांगू नका.